वरचा खण, खालचा खण

१

शुक्रवार, सकाळचे साडेदहा. कुरुळीतल्या दौलतराव येळवंडे यांच्या कारखान्यात निरीक्षकांसमोर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं गेलं, आणि त्यात मंगळवार नव्हता.

सोमवारही नव्हता. आधीच्या गुरुवारच्या पहाटेनंतर पडद्यावर एकदम परवाची, खंडेनवमीची संध्याकाळ आली. प्रेसना झेंडूच्या माळा, फरशीवर फुटलेल्या नारळांचं पाणी. मधले सगळे दिवस गायब.

हवी होती ती मंगळवारची दुपार. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत, मोठ्या प्रेसखाली भिवा ओव्हाळ यांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. या प्रेससमोर प्रकाशाचा एक न दिसणारा पडदा असतो. हात आत गेला की तो तुटतो आणि प्रेस जागच्या जागी थांबतो. पडदा चालू असेल तर वर हिरवा दिवा लागतो. मंगळवारी प्रेस थांबला नाही, म्हणजे पडदा बंद होता, इतकं सगळ्यांनाच मान्य होतं. बंद कुणी केला, यावर दोन जबाब होते. भिवाचं म्हणणं, सकाळपासून मशीन सारखं अडत होतं म्हणून सुपरवायझर गणराजनेच पडदा बंद करायची किल्ली फिरवली. गणराजचं म्हणणं, किल्ली फळीवर असते, भिवाने स्वतःच घेतली असणार. प्रेसच्या डोक्यावरच कॅमेरा होता आणि त्यात दिवा आणि किल्लीची फळी दोन्ही दिसत.

उरलेला हात घेऊन भिवा घरी कोणत्या शिक्क्याने जाणार, कंपनीच्या हलगर्जीपणाने की स्वतःच्या बेपर्वाईने, हे त्या दुपारच्या रेकॉर्डिंगवर ठरणार होतं.

कंपनीचे कॅमेरे आणि कॉम्प्युटर सांभाळायचा सनी ओव्हाळ. भिवाचा सख्खा पुतण्या. त्यामुळे दुपारपर्यंत दोन गोष्टी तयार झाल्या. ऑफिसात म्हणू लागले, चुलत्याची चूक दिसत होती म्हणून पोराने पुसलं. शॉपमध्ये, मशीनवरची माणसं म्हणू लागली, मालकाची चूक दिसत होती म्हणून मालकाने पुसवलं. संध्याकाळी सनीला उद्यापासून येऊ नकोस असं सांगण्यात आलं आणि दुसऱ्या शिफ्टची माणसं गेटवर बसून राहिली.

दौलतरावांनी निशिगंधा काशीद यांना फोन लावला तो त्या माणसांकडे खिडकीतून बघत.

२

निशिगंधा तळवड्याला एका गाळ्यात बसतात. डिस्कवरून गेलेलं परत काढून देणं हा त्यांचा धंदा. त्यात अर्धी कामं लग्नाच्या फोटोंची असतात आणि उरलेल्या अर्ध्यांत कुणीतरी कुणावर तरी संशय घेतलेला असतो. अशा कामांत बोलायचं कमी, असा त्यांचा शिरस्ता.

शनिवारी सकाळी त्या कुरुळीला आल्या तेव्हा दौलतराव गेटपर्यंत सामोरे आले.

"मॅडम, पहिलं सांगून ठिवतो. आमी न्हाई पुसलं. आमाला त्यातलं काय कळतंय? पण नाव आमचंच व्हतंय."

सर्व्हर म्हणजे ऑफिसच्या कोपऱ्यातला एक काळा डबा होता. त्याला पुढून दोन खण, टेबलाच्या ड्रॉवरसारखे, दांडी ओढली की बाहेर येणारे. प्रत्येक खणात एक डिस्क. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, एकाच दिवशी घेतलेल्या. फरक फक्त आतल्या लेबलावरच्या अनुक्रमांकात. वरच्या डिस्कवर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठायचं. गुरुवारी, म्हणजे या औद्योगिक पट्ट्यातल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, पहाटे कारखाना बंद असताना वरच्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं खालच्या डिस्कवर उतरायचं. एक गेली तर दुसरी हाताशी असावी म्हणून. डब्याचा स्वतःचा कारभार तिसऱ्या, आतल्या छोट्या डिस्कवर चाले. ती कुणाला दिसतही नसे.

निशिगंधांनी दोन्ही खण ओढून टेबलावर ठेवले. वरच्या खणातल्या डिस्कच्या सपाट बाजूला, अगदी लेबलावर, हळदीकुंकवाचं बोट होतं. दुसरीवरही होतं. त्यांनी दोन्हींचे फोटो काढले आणि कामाला लागल्या.

दुपारी त्यांनी दौलतरावांना बोलावून घेतलं. त्यांनी सांगितलं ते असं: मंगळवार लपवायचा असता तर माणसाने मंगळवारची दुपार पुसली असती. इथे पूर्ण दिवसच्या दिवस नाहीत, आणि दोन्ही डिस्कवरून गेलेत ते नेमके तेच दिवस. शिवाय पुसलेल्या गोष्टीचा माग मागे उरतो. जागा रिकामी म्हणून नोंदलेली असते, पण मजकूर बराच काळ तसाच पडून असतो. तो काढण्यावरच त्यांचं पोट होतं. इथे तसं काही उरलेलं नव्हतं.

"म्हंजी कुनी लई हुशार मानसानं पुसलंय?"

"पुसलेलंच नाही," निशिगंधा म्हणाल्या. "त्याच्यावर दुसरं लिहिलंय. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. ते आता मलाच काय, कुणालाच परत काढता येणार नाही."

दौलतराव खुर्चीत टेकले. हे ऐकून त्यांना बरं वाटलं की वाईट, ते त्यांच्या चेहऱ्यावरून निशिगंधांना ओळखता आलं नाही.

३

गणराज लातूरकडचा. दहा वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून आला आणि सुपरवायझर झाला. भावकीतली दोन माणसं त्याने इथेच चिकटवली होती. तो बोलायला आला तेव्हा हात पुसण्याचं फडकं हातातच होतं आणि बोलणं संपेपर्यंत ते तो पिळत होता.

त्याने सांगितलं, मंगळवारी त्या वेळी तो मागच्या डाय-स्टोअरमध्ये, प्रेसचे साचे ठेवायच्या खोलीत होता. प्रेसवर भिवा एकटाच, बाकीचे जेवायला गेलेले. ओरडणं ऐकून तो धावला. रेकॉर्डिंग बघितलं का, असं विचारल्यावर नाही म्हणाला. ते बघायला त्याला वेळ कुठला, तो तर हॉस्पिटलात पळत होता.

"भिवाकाका जुना माणूस, मॅडम. मलाच शिकवलंय त्यांनी. हात घालायच्या आधी एकदा मागं वळून बघितलं त्यांनी, अन् मग घातला. आता ह्याला कुणी काय करावं?"

निशिगंधांनी मान हलवली. त्या वेळी त्यांना त्या बोलण्यात दुःखाखेरीज काही दिसलं नाही.

सुमनताई ऑफिसातल्या सर्वांत जुन्या. हिशेब त्यांच्याकडे, चहाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे आणि खंडेनवमीची पूजाही त्यांच्याकडे. त्यांनी आधी सनीची बाजू घेतली, मग दौलतरावांची, मग पुन्हा सनीची. पोरगं तोंडाने फटकळ पण कामाला चोख, असं म्हणाल्या. त्या डब्याजवळ उदबत्तीसुद्धा नेऊ देत नाही. दर वर्षी सगळ्या मशीनची पूजा व्हायची आणि हा डबा तेवढा कोरडा राहायचा.

"यंदा तो नव्हता ना?" निशिगंधांनी विचारलं.

यंदा तो नव्हता. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं त्याच्या आईच्या फार मनात होतं, म्हणून बुधवारी पहाटेच मायलेक नागपूरला निघाले. इथे बुधवारी दुपारी सगळी मशीनं बंद केली, हवा मारून धूळ काढली. मग सुमनताई हळूच म्हणाल्या, "एवढा मोठा अपघात झालेला. मनात आलं, एक मशीन कायम वगळतो आपण, बरं नाही ते. म्हणून बंद केला आणि दोन्ही खण बाहेर काढले. पाणी नाही लावलं हं. कोरड्या फडक्याने पुसले, कुंकू लावलं, एकेक फूल ठेवलं. आरती झाल्यावर परत लावले आणि चालू केला. झालाही चालू लगेच."

"कुठला खण वर लावला?"

"दोन्ही सारखेच तर दिसतात," सुमनताई म्हणाल्या.

४

सनी पिंपरीला दुसऱ्या मजल्यावर आईबरोबर राहतो. निशिगंधा गेल्या तेव्हा तो दारातच उभा राहिला. आत या म्हणाला नाही.

"पुतण्या आहे म्हणून मी चोर. पुतण्या नसतो तर कोण असतं, ते सांगा आधी."

निशिगंधांनी दारातच विचारलं, गुरुवारच्या कॉपीच्या आज्ञेत डिस्कची नावं कशी लिहिली आहेत. सनीने बोलायला सुरुवात केली, मधेच थांबला, आणि त्यांना आत बोलावलं.

ज्याला यातलं काही ठाऊक नाही त्यालाही कळेल इतकी ही साधी गोष्ट आहे. अशा डब्याला डिस्क लावली की तो तिला एक छोटं नाव देतो. पहिली सापडली ती 'ए', दुसरी सापडली ती 'बी'. ही नावं त्या डिस्कची नसतात, रांगेतल्या जागेची असतात. बंद करून पुन्हा चालू केलं की रांग नव्याने लागते. डिस्कची स्वतःची ओळख वेगळी. कारखान्यातून निघतानाच तिला अनुक्रमांक मिळतो, गाडीचा चासी नंबर असतो तसा, आणि गाडी पार्किंगमध्ये कुठेही लावली तरी तो बदलत नाही. डब्याला हाही क्रमांक वाचता येतो आणि आज्ञेत तो लिहिता येतो. लांबलचक असतो, टंकायला कंटाळवाणा, एवढीच अडचण.

सनीने छोटी नावं लिहिली होती. रेकॉर्डिंग 'ए'वर साठव. गुरुवारी 'ए'वरचं सगळं 'बी'वर उतरव.

"खण अदलाबदल झाले," निशिगंधा म्हणाल्या. "बुधवारी संध्याकाळी जुनी कॉपी 'ए' झाली. कॅमेरे तिच्यावर लिहायला लागले. आणि गुरुवारी पहाटे तिच्यावरचं सगळं 'बी'वर उतरलं."

"आणि 'बी' म्हणजे मंगळवार असलेली." सनी भिंतीकडे बघत म्हणाला.

म्हणून दोन्ही डिस्क सारख्या. म्हणून रेकॉर्डिंगमधली पोकळी बरोबर आधीच्या कॉपीपाशी सुरू होत होती आणि बरोबर पूजेनंतर डबा चालू झाला तिथे संपत होती. आतल्या छोट्या डिस्कवर डबा प्रत्येक वेळी चालू होताना कुठला अनुक्रमांक कुठल्या नावावर आला हे टिपून ठेवतो. निशिगंधांनी ते सकाळीच पाहिलं होतं. बुधवारपर्यंत जी 'ए' होती तीच बुधवारनंतर 'बी' होती.

सनीच्या आईने चहा आणून ठेवला. कुणी घेतला नाही. नागपूरला यायचं मीच धरून बसले होते, असं ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

"तसं नाही, आई," सनी म्हणाला. मग निशिगंधांना म्हणाला, "हे बदलायचं मला दोन वर्षांपासून माहीत होतं. चालतंय ना, म्हणून राहिलं. मंगळवारी संध्याकाळी मी तो तुकडा पेन ड्राइव्हवर घेत होतो, तर दौलतराव साहेब म्हणाले, वकील येईपर्यंत कुणालाही कॉपी नाही. मी म्हटलं, ठीक आहे. दोन-दोन डिस्क आहेत, कुठे जातंय."

त्याने तो तुकडा स्वतः पाहिला नव्हता. चुलत्याचा हात बघवणार नाही म्हणून लावलाच नव्हता.

निशिगंधा जिना उतरताना थांबल्या. रेकॉर्डिंग कुणी पाहिलं, हेही डबा आतल्या छोट्या डिस्कवरच टिपत असणार.

५

पुढे जे झालं ते वेगळ्या रीतीने व्हायला हवं होतं, असं निशिगंधांना आजही वाटतं.

रविवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना दौलतरावांच्या केबिनमध्ये बोलावलं. दौलतराव, सुमनताई, गणराज आणि दारापाशी सनी. त्यांनी खण, पूजा, नावं, गुरुवारची पहाट हे सगळं ओळीने मांडलं. मांडणीत कुठे फट नव्हती. सुमनताई रडल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि माझ्या हाताने गेलं, एवढंच म्हणाल्या. सनीने त्यांच्याकडे बघितलं नाही, पण पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

दौलतरावांनी मोठा श्वास सोडला. "म्हंजी कुनीच न्हाई केलं. देवाच्या कामात झालं. ह्ये गेटवर सांगाया पायजे."

"एक राहिलं," निशिगंधा म्हणाल्या. "ते रेकॉर्डिंग एका माणसाने पाहिलंय."

आतल्या छोट्या डिस्कवरच्या नोंदीप्रमाणे बुधवारी सकाळी, पूजेच्या आधी, शॉपमधल्या कॉम्प्युटरवरून मंगळवारची दुपार लावली गेली होती. एकदा नाही, मागे नेऊन पुन्हा पुन्हा. सुपरवायझरच्या पासवर्डने. आणि त्यांना हे कळण्याआधीच गणराज ते बोलून गेला होता. भिवाने हात घालण्याआधी मागं वळून बघितलं, हे त्याला कसं ठाऊक? प्रेसवर दुसरं कुणी नव्हतं. तो स्वतः स्टोअरमध्ये होता. भिवाने तर जबाबात सांगितलं होतं की त्या क्षणाचं त्याला काहीच आठवत नाही.

गणराजच्या हातात आज फडकं नव्हतं. त्याने रिकामे हात एकमेकांवर घासले.

"बघितलं," तो म्हणाला. "झोप नाही आली रात्रभर. सकाळी येऊन बघितलं."

"हिरवा दिवा? किल्ली? कुणी फिरवली ते दिसलं?"

गणराजने दौलतरावांकडे बघितलं. दौलतराव टेबलाच्या काचेकडे बघत होते. ती काच त्यांनी आधी कधी पाहिली नसावी इतक्या लक्षपूर्वक.

सनी दारातून म्हणाला, "बोल ना राव. काकांनी शिकवलंय ना तुला?"

"उद्या निरीक्षक साहेबांपुढं सांगतो," गणराज म्हणाला. "जे बघितलं ते सांगतो." आणि तो सनीच्या बाजूने, अंग चोरून बाहेर पडला.

तेव्हा निशिगंधांच्या लक्षात आलं. हा प्रश्न या खोलीत विचारायचा नव्हता. शॉपच्या मागे, चहाच्या टपरीवर, त्याला एकट्याला गाठून विचारला असता तर त्याने तिथेच सांगितलं असतं. तो सांगण्याच्या बेतातच होता. ज्याच्या हातात त्याची आणि त्याच्या दोन भावकीवाल्यांची नोकरी आहे, त्याच्यासमोर त्यांनी त्याला उभं केलं. सगळ्यांना एकत्र बसवून गाठ सोडवून दाखवायची त्यांना हौस होती, असं त्या स्वतःला नंतर कठोरपणे म्हणाल्या. गाठ तर सुटली.

६

रविवारी दुपारी त्या भिवाकडे गेल्या. कुरुळीतच, चाळीतल्या दोन खोल्या. भिवा कॉटवर बसला होता, बांधलेला हात उशीवर ठेवून. त्याची बायको कस्तुरा आत भाकरी करत होती आणि तिथूनच सगळं ऐकत होती.

रेकॉर्डिंग परत मिळणार नाही हे निशिगंधांनी सांगितलं. कसं गेलं तेही सांगितलं. भिवाने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि सुमनताई कशा आहेत, असं विचारलं. तिला म्हनावं, मनाला लावून घिऊ नको, असं म्हणाला.

"तुला बरं बाकीच्यांचं पडलंय," कस्तुरा आतून म्हणाली. "हात काय हळदीकुंकवानं गेला व्हय? मशीन थांबायचं नाव घिना, त्ये कुनी केलं, त्ये सांगा की."

निशिगंधांनी विचारलं, मागे वळून का बघितलं असेल.

"आठवत न्हाई, बाई. पन बघितलं असंल. पत्रा अडकला की आमी मागंच बघतो. मागं गणराज असतो. तो मान हलवतो, मग आमी हात घालतो. रोजचंच हाय त्ये."

भाकरी थापायचा आवाज थांबला. मंगळवारी गणराज मागे होता, की नव्हता? स्टोअरमध्ये होता, की मान हलवून मग तिकडे गेला? रेकॉर्डिंगमध्ये ते दिसलं असतं.

सोमवारच्या चौकशीत निशिगंधांचा अहवाल दाखल झाला. रेकॉर्डिंग कुणी हेतुपुरस्सर नष्ट केलेलं नाही, हे निरीक्षकांनी मान्य केलं. सनीला कामावर परत बोलावलं गेलं. तो एक दिवस आला, आज्ञेतली छोटी नावं काढून दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक घातले, खण उलटसुलट लावून सगळं नीट चालतंय हे तपासलं आणि राजीनामा ठेवून गेला. दौलतरावांनी त्याला थांबवलं नाही. गेटवरची माणसं कामावर गेली.

गणराज सोमवारी आला नाही. रविवारी संध्याकाळच्या गाडीने तो गावी गेल्याचं त्याच्या भावकीतल्या एकाने सांगितलं. निरीक्षकांनी त्याच्या जबाबासाठी पुढची तारीख दिली आणि अपघाताच्या कारणाची जागा तोवर कोरी ठेवली.

बुधवारी संध्याकाळी कस्तुराच्या फोनवर त्याचा फोन आला. हात कसा आहे, एवढंच त्याने विचारलं. कस्तुराने फोन भिवाच्या कानाला लावला. भिवा म्हणाला, "तू बघितलंस न्हवं? मंग येऊन सांग. जे असंल त्ये सांग. माझी चूक असली तरी सांग."

पलीकडे एसटी स्टँडवरचा गलका ऐकू येत होता. "येतो, काका," गणराज म्हणाला.

तारीख पुढच्या सोमवारी होती. शनिवारी दुपारपर्यंत तो कुरुळीला परतलेला नव्हता.